जुने नकाशे आणि काठीचा न लिहिलेला इतिहास

१

आपल्याकडे इतिहासाची साधने म्हणून ज्यांना मान्यता मिळाली, ती बहुतांशी लिहिणाऱ्यांच्या घरातून आलेली आहेत. बखरी, सनदा, ताम्रपट, दफ्तरे, वंशावळी या साऱ्यांमागे अक्षर हाती असणारा एक वर्ग उभा आहे. ज्यांना अक्षरबंदी होती आणि ज्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचलेच नाही, त्यांच्या वाट्याला या साधनांत दोनच जागा आल्या : एक गुन्हेगाराची आणि दुसरी वेठबिगाराची. म्हणून दलित-आदिवासींचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो साधनांचा. गाणी आहेत, गाथा आहेत, वृद्धांच्या आठवणी आहेत, परंतु प्रस्थापित इतिहासकार त्यांना ‘लोकसाहित्य’ म्हणून बाजूला सारतो आणि कचेरीतील अधिकारी ‘कागद दाखवा’ म्हणतो.

या पेचात ज्याच्याकडे आपल्या चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही असे एक साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे जुने स्थलदर्शक नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या नकाशांना बोलीत ‘टोपोशीट’ म्हणतात. भूगोलाच्या वर्गात त्यांवरून चढउतार मोजायला शिकवतात आणि परीक्षा झाली की गुंडाळून ठेवतात. वस्तुतः हा राज्यकर्त्यांचाच कागद आहे. मात्र तो लिहिताना राज्यकर्त्यांच्या नकळत कष्टकऱ्यांच्या बऱ्याच खुणा त्यावर उमटल्या आहेत. त्या कशा वाचाव्यात, त्या कोठे फसवतात आणि त्यांचा आज कोणता उपयोग आहे, हे एका गावाच्या निमित्ताने पाहू.

गाव आहे काठी. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये, मोलगीच्या परिसरात हे गाव येते. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की हा मुलूख सुरू होतो. काठी महाराष्ट्राला माहीत आहे ते वर्षातून एका रात्रीपुरते. तेथील राजवाडी होळीला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आदिवासी लोटतात. नवस फेडणारे अंगावर नक्षी काढून, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधून बावा-बुध्या होतात. उंच बांबूचा दांडा उभारला जातो आणि पहाटे होळी पेटते. ही होळी इ. स. १२४६ पासून चालत आल्याचे परंपरा सांगते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि काठी पुन्हा वर्षभर अदृश्य होते. उत्सवापुरते दिसणे हासुद्धा अदृश्य असण्याचाच एक प्रकार आहे. या लोकांनी जमीन कशी कसली, ती कोणी हिरावली, जंगलाची हद्द त्यांच्या अंगणापर्यंत कधी आली, त्यांची नाती असलेली गावे पाण्याखाली कशी गेली, हे त्या छायाचित्रांत येत नाही.

२

नकाशा कोणी आणि कशासाठी काढला, हे आधी समजून घेतले पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सपाटीवर सारा बसवता येत होता, परंतु डोंगरातील भिल्लांनी नव्या राजवटीला सहजासहजी मान दिली नाही. म्हणून १८२५ च्या सुमारास एकीकडे भिल्ल एजन्सी आणि दुसरीकडे औट्रमच्या हाताखालील भिल्ल पलटण अशी दुहेरी व्यवस्था उभी राहिली. तापी आणि नर्मदा यांच्यामधल्या या पश्चिम टोकाला मेवासी मुलूख म्हणत. काठी, चिखली, नाल, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी ही तेथील छोटी संस्थाने. मेवासी प्रमुखांना त्यांच्या अधिकारात राहू देऊन इंग्रजांनी त्यांच्यावर देखरेख ठेवली. काठी हे या संस्थानांपैकी एक प्रमुख ठाणे.

त्याच काळात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासकडे तिचा प्रारंभ केला आणि एव्हरेस्टने ती उत्तरेकडे नेली. डोंगरमाथ्यावर दुर्बीण ठेवायची, दूरच्या दुसऱ्या माथ्यावरील निशाणाचा कोन घ्यायचा आणि असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देश मोजायचा, ही तिची पद्धत होती. ज्याला राज्य करायचे आहे त्याला सैन्य कोणत्या घाटातून जाईल, नदीला उतार कोठे आहे, इमारती लाकूड कोठे आहे आणि बंडखोर कोठे लपेल हे कळले पाहिजे. नकाशाचा जन्म या गरजेतून झाला.

परंतु इंग्रज अधिकारी एकटा मोजत नव्हता. साखळी ओढणारे, निशाण धरणारे, झाडी तोडून नजरेची वाट मोकळी करणारे, अवजड यंत्र डोंगरावर वाहून नेणारे खलाशी आणि हमाल देशी होते. राधानाथ सिकदार यांच्यासारख्या गणितज्ञाचे नावही दीर्घकाळ झाकलेले राहिले. मग जे केवळ खांद्याने मोजणीत सामील झाले त्यांचे काय झाले असेल! नकाशाच्या तळाशी सर्वेक्षण अधिकाऱ्यांची नावे छापली जातात, खलाशाचे कधीही छापले जात नाही.

महार समाजाचा संबंध तर याहून जवळचा आहे. गावची शीव कोठून जाते, कोणता दगड हलवलेला आहे, कोणत्या ओढ्यापासून दुसऱ्या गावाचे शिवार लागते, हे ज्ञान परंपरेने महाराकडे होते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. सरकारी मोजणीदार गावात आला की त्याला हद्द दाखवायला पुढे तोच चाले. म्हणजे ज्याला गावाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्याच्याच पावलांनी गावाची हद्द ठरत होती. या कामाचा मोबदला म्हणजे महार वतन, आणि ते वतन म्हणजे अर्ध्या भाकरीवर बांधलेली गुलामगिरी आहे हे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणून ठणकावून सांगितले. ही कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. वतन गेले हे योग्यच झाले. तथापि शिवेचे ते ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही. नकाशावर शीव तुटक रेघेने उतरली आणि रेघ दाखवणारा माणूस कागदाच्या बाहेर राहिला.

३

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. भारतीय सर्वेक्षणाच्या क्रमांक-पद्धतीत चार अंश रेखांश आणि चार अंश अक्षांश यांचा एक मोठा चौकोन असतो. आपला प्रदेश ४६ क्रमांकाच्या चौकोनात येतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना अक्षरे दिली आहेत. पूर्व रेखांश ७४ ची रेषा अक्कलकुवा तालुक्याच्या अंगावरूनच जाते, त्यामुळे हा तालुका ‘४६ जी’ आणि ‘४६ के’ अशा दोन भागांत चिरला जातो. एकाच खोऱ्यातील पाडे दोन वेगळ्या कागदांवर जातात. काठी परिसराचा अभ्यास करायचा तर शेजारचे तुकडे जोडूनच वाचावे लागतात.

जुन्या इंग्रजी अमदानीतील नकाशांचे प्रमाण एका मैलाला एक इंच, म्हणजे ६३,३६० ला एक असे होते. दशमान पद्धती आल्यावर ५०,००० ला एक हे प्रमाण रूढ झाले, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. या प्रमाणाचा अर्थ आपल्या भाषेत करून पाहावा. दहा मीटर लांबीचे कुडाचे घर या नकाशावर एक-पंचमांश मिलिमीटर होईल. वनहक्क कायद्याने एका दावेदाराला जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन मिळू शकते. चार हेक्टरचा चौरस तुकडा नकाशावर चार मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद येतो, म्हणजे जवळजवळ ज्वारीचा एक दाणा. एका कुटुंबाचे सारे जगणे ज्या जागेवर उभे आहे ती जागा ज्वारीच्या दाण्याएवढी होते, आणि त्या दाण्यावरून कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालतात.

रंगीत स्थलदर्शक नकाशांची पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०५ नंतर रूढ झाली. तपकिरी रेघा उंची दाखवतात, त्या समोच्चरेषा. निळा रंग पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा लागवडीचा, तांबडा घरांचा आणि रस्त्यांचा. एकाच जागेचे दोन-तीन पिढ्यांचे नकाशे शेजारी ठेवले की रंग बोलू लागतात. पूर्वी पिवळी असलेली जागा नंतर हिरवी झाली असेल तर लागवड का थांबली? पूर्वी पायवाट होती तेथे आता काहीच नसेल तर माणसे कोठे गेली? काही नकाशांत गावाच्या नावाशेजारी आठवडे बाजाराचा वार लिहिलेला असतो. पायवाटा कोणत्या बाजाराकडे धावतात हे पाहिले की त्या काळचा व्यवहार, सावकाराचे गाव आणि मिठासाठी चाललेले मैलोगणती अंतर हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

परंतु नकाशाची भाषा मुळात सपाटीवरील गावासाठी घडलेली आहे. सपाटीवर घरे एकत्र, भोवती शेते आणि मध्ये चावडी असते. सातपुड्यात गाव असे नसते. येथे पाडे असतात, फळ्या असतात. घराभोवती शेत आणि शेतापलीकडे दुसरे घर. एक गाव दोन-दोन टेकड्यांवर पसरलेले असते. नकाशा काढणारा या साऱ्यावर एकच नाव लिहितो आणि बाकी घरे विखुरलेले ठिपके म्हणून सोडून देतो. पाड्याचे नाव बहुधा गळते. पाडा हाच ज्यांच्या जगण्याचा आधार, त्यांच्या ओळखीचा पहिला धागा येथे तुटतो.

नावांचेही तसेच. भिलीत, पावरीत उच्चारलेले नाव मराठी किंवा गुजराती कारकुनाच्या कानांतून गेले, त्याच्या लेखणीतून इंग्रजी अक्षरांत उतरले आणि तेथून पुन्हा देवनागरीत आले. या प्रवासात झाड, झरा, देव, पूर्वज यांपैकी ज्याच्यावरून नाव पडले तो अर्थ अनेकदा झिजून जातो. शाळेतील आदिवासी मूल आपल्याच गावाचे नाव मास्तरांनी सांगितले तसे लिहायला शिकते. म्हणून नकाशावरील प्रत्येक नाव वृद्धांकडून पुन्हा उच्चारून घेणे, हे मी स्थानिक इतिहासाचे पहिले काम मानतो.

नकाशाची निवडही तपासली पाहिजे. देऊळ, मशीद, चर्च, थडगे, छत्री यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. परंतु ज्या दगडाला आदिवासी डोंगरदेव म्हणतो, ज्या झाडाखाली गाव बसते, ज्या मोकळ्या जागेत काठीची होळी पेटते, त्यांना चिन्ह नाही. याच तालुक्यातील डाब हे ठिकाण याहामोगीच्या गाथेत हेलो डाब म्हणून येते. राजा पांठा आणि गांडा ठाकूर यांच्या कथांचा तो मुलूख. हजारो आदिवासींच्या दृष्टीने तो भूगोलाचा केंद्रबिंदू आहे. स्थलदर्शक नकाशाला तो इतर वस्त्यांसारखी एक वस्ती म्हणूनच दिसतो. श्रद्धेचा दस्तऐवज म्हणून पाहिले तर हा नकाशा विशिष्ट धर्मव्यवस्थांपुरताच डोळस आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोजणीचे काम पावसाळ्यात होत नाही. सर्वेक्षकांच्या तुकड्या पाऊस सरल्यावर डोंगरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. पावसाळी ओहळ तेव्हा कोरडे असतात. आजच्या काळात तर हेच महिने ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेल्यांचे. घराला कुलूप, किंबहुना कुलूपही नाही. दाराला काटी लावलेली. अशा मोसमात काढलेल्या कागदावर घर ‘ओसाड’ दिसले तर ते ओसाड होते असे मानता येईल काय?

४

नकाशावरील सर्वांत बोलक्या आणि सर्वांत क्रूर खुणा म्हणजे हद्दीच्या रेघा. काठीच्या मुलखावरून गेल्या दीडशे वर्षांत अशा किती रेघा फिरल्या ते पाहावे.

पहिली रेघ जंगलाची. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल ही व्यवस्था पक्की केली आणि १९२७ च्या कायद्याने ती पुढे चालवली. नकाशावर हद्दीच्या आत राखीव जंगलाची इंग्रजी आद्याक्षरे छापली गेली. त्या दोन अक्षरांनी काल मोहफुले वेचणारी बाई आज चोर ठरली. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच जंगल खात्याने शेतकऱ्यांची गायराने गिळल्याची तक्रार केली होती. सपाटीवरील शेतकऱ्याचे गायरान गेले, सातपुड्यातील आदिवासीचे तर घरदारच त्या रेघेच्या आत सापडले. वनगाव हा शब्द त्यातूनच आला. असे गाव जंगल खात्याच्या मर्जीवर उभे असते आणि त्याला सातबारा नसतो.

दुसरी रेघ जिल्ह्याची. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे काठीचे जुने कागद शोधणाऱ्याने नंदुरबारबरोबर धुळ्याचेही दफ्तर धुंडाळले पाहिजे.

तिसरी रेघ राज्याची. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील १५६ गावे गुजरातेत गेली. आदिवासींच्या सोयरिकी, बाजार आणि देवस्थाने या रेघेच्या दोन्ही बाजूंना आहेत. याहामोगीची देवमोगरा गुजरातेत आहे आणि गाथेतील डाब महाराष्ट्रात. भाषावार प्रांतरचनेत भिली बोलणाऱ्यांची भाषा कोणी विचारली नाही. मराठी की गुजराती, एवढाच वाद दोन प्रबळ भाषांमध्ये झाला आणि ज्यांच्या जमिनीवर तो झाला ते मूक राहिले.

चौथी रेघ मेवासी संस्थानांची. स्वातंत्र्यानंतरही पश्चिम खानदेशातील मेवासी इस्टेटींचे मालकी हक्क काही काळ टिकून होते. ते नष्ट करण्यासाठी पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून १९६१ चा स्वतंत्र विनियम करावा लागला. त्या दिवसापासून काठीचा राजा होळीच्या मानापुरता उरला आणि जमीन महसूल खात्याकडे गेली. प्रश्न असा की रयतेपैकी कोणाच्या नावावर किती जमीन लागली? जी जमीन फिरत्या शेतीत होती, जिला सर्व्हे नंबरच नव्हता, ती कोणाची ठरली? इस्टेट संपण्यापूर्वीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवून, लागवडीचा पिवळा रंग कोठून कोठे गेला हे पाडावार तपासले तर या प्रश्नाच्या उत्तराचा धागा हाती लागेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एक वर्ष घालवावे असा हा विषय आहे.

५

समोच्चरेषा ही नकाशातील सर्वांत निरुपद्रवी वाटणारी रेघ. परंतु तिनेही या मुलखात माणसे उठवली आहेत. सरदार सरोवराची पूर्ण जलाशय पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, ही नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निश्चित केली. त्या आकड्याबरोबर महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताच्या यादीत आली. त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील आणि २४ अक्राणीतील. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल ही नावे तेव्हापासून महाराष्ट्राने ऐकली.

येथे नकाशाचे तंत्र समजून घेतले पाहिजे. ५०,००० ला एक प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा साधारणतः २० मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे १२० ची एक रेघ आणि १४० ची दुसरी. १३८.६८ ची रेघ त्यावर नसते, ती या दोहोंच्या मध्ये अंदाजाने धरावी लागते. नर्मदेच्या उभ्या कड्यांवर या दोन रेघा एकमेकींना चिकटून जातात, तेथे फारसा फरक पडत नाही. परंतु ओढे जेथे नर्मदेला मिळतात तेथे उतार सौम्य असतो, तेथेच काळी माती असते, तेथेच घरे असतात. त्या ठिकाणी दोन रेघांमधले अंतर वाढते आणि कोणाचे शेत बुडणार, कोणाचे राहणार हे अशा नकाशावरून सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवर उतरून पातळी घ्यावी लागते. बाधितांच्या याद्यांवरून जे वाद अनेक वर्षे पेटले त्यांच्या मुळाशी हा प्रश्न आहे. घर पाण्याच्या वर राहिले पण भोवतालची जमीन बुडून टापू झाला, अशांना बाधित मानावे की नाही, हा झगडाही त्याच उताराने निर्माण केला.

धरण टप्प्याटप्प्याने वाढले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १८ ऑक्टोबर २००० रोजी झाला. अखेरची उंची गाठून १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ मध्ये जलाशय पूर्ण पातळीला भरला. विस्थापितांसाठी १९९० मध्ये तळोद्याच्या जंगलाची जमीन खुली करण्यात आली, तेव्हा तीच जमीन आधीपासून कसणारे दुसरे आदिवासी ‘अतिक्रमणदार’ म्हणून समोर आले. एका रेघेने उठवलेला आदिवासी दुसऱ्या रेघेआडच्या आदिवासीसमोर उभा केला गेला. कागदावर मोकळी आणि हिरवी दिसणारी जागा जमिनीवर मोकळी नसते, याचा याहून कडवट धडा कोणता?

नर्मदाकाठच्या त्या गावांचे आज जमिनीवर काय उरले आहे? पाणी आहे. परंतु धरणापूर्वीच्या नकाशांवर घरांचे ठिपके, उताराच्या वाटा, ओढ्यांची तोंडे अजूनही जागच्या जागी आहेत. राज्यकर्त्याच्या कागदावर बुडालेल्यांचा पुरावा जिवंत आहे. म्हणून हे जुने तुकडे मिळवून जपणे ही केवळ अभ्यासाची बाब नव्हे.

६

डोंगरातील नकाशाबद्दल जे म्हटले ते सपाटीवरील दलित वस्तीलाही लागू पडते. तापीकाठचा किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही पठारावरचा जुना एक-इंची तुकडा घ्यावा. गावाच्या तांबड्या पुंजक्यापासून थोडा सुटलेला एक लहान पुंजका बहुतेक ठिकाणी दिसतो. त्यावर नाव नसते. त्याच्याजवळ वेगळ्या विहिरीची खूण असते किंवा नसते. तो महारवाडा, मांगवाडा किंवा चांभारवाडा आहे हे नकाशा सांगत नाही, पण त्याने तो लपवलेलाही नाही. दोन पुंजक्यांमधील कोरी जागा मोजावी. ती जागा म्हणजेच अस्पृश्यता. फूटपट्टीने मोजता येणारी. विहीर किती अंतरावर आहे, बाईला पाण्यासाठी किती चालावे लागे, हेही मोजावे. महाडचे तळे कोणत्याही नकाशात निळेच दाखवतील. २० मार्च १९२७ पर्यंत ते पाणी कोणाला वर्ज्य होते, हे निळा रंग सांगत नाही. ते सांगण्याचे काम आपले आहे.

शहाद्याच्या पट्ट्यातही याच रीतीने पाहता येईल. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने १९७० नंतरच्या दशकात गुजर-पाटलांच्या ताब्यात गेलेल्या आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न पेटवला आणि १९७४ साली जमिनी परत करण्याचा कायदा झाला. त्या जमिनी हातातून कशा गेल्या हे सांगणारे कागद बहुधा सावकाराच्या पेटीत होते. नकाशाने मालक सांगितला नाही, परंतु कालवा, विहीर आणि बागायत कधी आली हे सांगितले. पाणी आले तेव्हाच जमिनी गेल्या काय, हा प्रश्न विचारण्याचा आधार त्याने दिला आहे.

७

आज या साऱ्याला कायद्याचे महत्त्व आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल आणि नकाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचबरोबर वृद्धांचे लेखी जबाब, घरे, बांध, विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांनाही पुराव्याचा दर्जा दिला आहे. ठरावीक कागदाचाच हट्ट अधिकाऱ्यांनी धरू नये आणि उपग्रह-चित्राने इतर पुराव्यांची जागा घेऊ नये, हे २०१२ च्या दुरुस्तीने सांगितले.

आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. परंतु अनुसूचित जमातीत न येणारे जे वननिवासी आहेत, त्यांत जंगलपट्ट्यातील दलितही आले, त्यांना त्या दिवसापूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब केला तर तो १९३० पर्यंत जातो. ज्याच्या आजोबाला शाळेत बसू दिले नाही त्याच्याकडे १९३० चा कागद मागायचा, हा न्यायाचा कोणता प्रकार? अशा वेळी त्या काळच्या एक-इंची नकाशावरील एक ठिपका, एक विहीर, एक पायवाट फार मोलाची ठरते. वस्ती होती, हे खुद्द सरकारच सांगत असते.

मात्र दुधारी शस्त्र जपून वापरावे. नकाशात आहे म्हणजे होते, हे विधान बळकट आहे. नकाशात नाही म्हणजे नव्हते, हे विधान खोटे आहे. हा भेद प्रत्येक ग्रामसभेला, प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. प्रमाण लहान, मोसम कोरडा, पाड्याची घरे विखुरलेली, मोजणीदार परका, एवढी कारणे समोर असताना कोऱ्या कागदाला साक्षीदार मानता येणार नाही. कॅनडातील गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या आदिवासींच्या डेल्गामूक खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोलले पाहिजे असे म्हटले. आपल्याकडील नियमांतही वृद्धाच्या जबाबाला जागा आहे. ती जागा आपण वापरतो काय?

मग करायचे काय? काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. १९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली मालिका सुरू केली आणि २०२१ मध्ये निर्बंध आणखी शिथिल झाले. जुने तुकडे विद्यापीठांच्या भूगोल विभागांत, जुन्या ग्रंथालयांत मिळतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली अडीच लाखाला एक प्रमाणाची हिंदुस्थानची मालिका परदेशी विद्यापीठाने सर्वांसाठी खुली केली आहे. जुन्या आणि नव्या नकाशांची पृथ्वीच्या आकाराविषयीची गणिते वेगळी आहेत. त्यामुळे ते डोळे मिटून एकावर एक ठेवू नयेत, जागा सरकते. नदीचा संगम, डोंगरमाथ्यावरील त्रिकोणाचे चिन्ह अशा न हलणाऱ्या खुणा धरून ते जुळवावेत.

त्यानंतर कागद घेऊन पाड्यावर जावे. प्रत्येक नाव म्हाताऱ्यांना वाचून दाखवावे आणि त्यांचे नाव शेजारी लिहावे. पुरुषांकडून हद्दी समजतील. बायांकडून पाण्याच्या, सरपणाच्या आणि माहेरच्या वाटा समजतील. त्या वाटा नकाशात बहुधा नसतात, पण गाव त्यांवरच चालते. देवांची ठिकाणे, पुरल्याच्या जागा, सोडून दिलेली घरठाणे, वन खात्याने उपटलेली पिके, हे सारे खुणांनी भरावे. खुणा गावाने ठरवाव्यात. होळीच्या जागेला कोणते चिन्ह द्यायचे हे काठीच्या लोकांनी सांगावे, डेहराडूनच्या कचेरीने नव्हे. तयार झालेला नकाशा ग्रामसभेत वाचून ठराव करावा आणि एक प्रत गावात ठेवावी. अभ्यासक प्रत घेऊन गेला आणि गाव रिकामे राहिले, तर तोही एक मोजणीदारच.

आपल्या लेखकांनी आत्मकथनांतून जे काम केले, ते गावांच्या बाबतीत अजून व्हायचे आहे. माणूस बोलू लागला, आता वस्तीने बोलले पाहिजे. अक्कलकुवा, तळोदा, धडगाव, नंदुरबार येथे महाविद्यालये आहेत, त्यांत आदिवासी आणि दलित विद्यार्थी आहेत, इतिहासाचे आणि भूगोलाचे शिक्षक आहेत. त्यांनी एका वर्षी एक पाडा घेतला तरी दहा वर्षांत एका खोऱ्याचा इतिहास उभा राहील. वृद्ध माणसे मात्र दहा वर्षे थांबणार नाहीत. म्हणून सुरुवात या हिवाळ्यात, ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी व्हावी.